'पाणीदार': आठ पानांच्या कॉमिकवरून अकरा मिनिटांची फिल्म, लातूरच्या कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी

मी लातुरात लग्नाचं शूटिंग करतो, सतरा वर्षं झाली. ही पहिली गोष्टीची फिल्म. कॉमिकवरून फिल्म करू पाहणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून पहिल्या दिवसापासून लिहून ठेवतोय.

कॉमिक आमच्या ड्रॉइंगच्या सरांचं आहे. २०१८ मध्ये काढलेलं, नाव 'पाणीदार', झेरॉक्सच्या साठ प्रती. गोष्ट २०१६ च्या उन्हाळ्यातली. त्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावलं होतं. पाचपेक्षा जास्त माणसं टाकीपाशी जमू नयेत म्हणून. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. हे सगळं ज्यांनी पाहिलंय त्यांना कॉमिक वाचताना काही समजावून सांगावं लागत नाही.

कॉमिकमध्ये डोक्यात घागर घातलेला एक माणूस टाकीवर येतो आणि रांग मोडणाऱ्याला जागच्या जागी शिक्षा देतो. टँकर पळवणाऱ्याला जेवढा मार, तेवढाच एक बादली जास्त घेणाऱ्या म्हाताऱ्याला. लोक त्याचा जयजयकार करतात. प्रत्येक मारामारीच्या चौकटीखाली एकच ओळ: 'कृपया रांगेत उभे राहावे. सहकार्याबद्दल आभार.' वाचताना हसू येतं आणि पाचव्या पानावर ते घशात अडकतं. मला तेच पडद्यावर हवंय.

खर्चाचा अंदाज १५ हजार. कॅमेरा माझा, एडिटिंग भाचीचं.

९ फेब्रुवारी

पहिली बैठक सरांच्या गच्चीवर. पाच तास बोललो आणि शूटिंगचा एकही दिवस ठरला नाही. तरी तो वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही, कारण कॅमेरा कुठं ठेवायचा हे त्या भांडणातूनच ठरलं.

सर जज ड्रेडचे जुने भक्त. १९७७ मध्ये ब्रिटनमधल्या '२००० एडी' या कॉमिक साप्ताहिकात जॉन वॅग्नर आणि कार्लोस एझकेरा यांनी तो उभा केला. पोलीस, न्यायाधीश आणि जल्लाद एकाच माणसात. सर म्हणाले की त्याचा चेहरा कॉमिकमध्ये दाखवत नाहीत, कारण तो माणूस नाहीच, तो कायदा आहे. १९९५ च्या चित्रपटात स्टॅलोननं हेल्मेट काढलं आणि ड्रेड चारचौघांसारखा हिरो झाला. २०१२ च्या चित्रपटात कार्ल अर्बननं शेवटपर्यंत हेल्मेट ठेवलं.

भाचीचं म्हणणं वेगळं होतं. "मामा, २०१२ चा मी तीनदा पाहिलाय, भारी आहे. पण त्यात हसण्यासारखं काय आहे? व्यंग कुठंय? नुसती गोळाबारी." सर गप्प झाले, कारण मुद्दा खरा आहे. एकानं टिंगल ठेवली आणि चेहरा उघडा केला, दुसऱ्यानं चेहरा झाकला आणि टिंगल जवळजवळ सोडून दिली. वर्षानुवर्षं चाहते यावर भांडताहेत, आणि गच्चीवर आम्हीही तेच केलं. भाची पुढं म्हणाली, मग 'द मास्क' घ्या. कॉमिक रक्तानं माखलेलं होतं, १९९४ मध्ये त्यावरून जिम कॅरीचा विनोदी चित्रपट काढला आणि तो चालला. रक्त काढलं म्हणून काय बिघडलं?

सर म्हणाले, "बिघडलं काहीच नाही. फक्त ती दुसरी गोष्ट झाली."

ठरलं इतकंच: घागर निघणार नाही आणि मार दिसणार. आमच्या हिरोचं तोंड उतरलं. त्याला चेहरा दाखवायचा होता, आणि पैसे न घेता काम करणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं. त्याला दोन दिवस विचार करायला दिले. तो तयार झाला.

१४ फेब्रुवारी

घागर. सरांनी कागदावर ती उलटी घातलेली काढलीय. घागरीच्या तोंडातून माणसाचं डोकं जात नाही, हे आठ पानं काढताना त्यांच्या लक्षात आलं नाही आणि पन्नासदा वाचून माझ्याही आलं नाही. पितळी घागर घरची होती, ती जड. भंगारातून तीन स्टीलच्या आणल्या, वेल्डरकडून बूड कापून घेतलं आणि बुडाकडून डोकं घातलं. म्हणजे घागर सरळच राहिली, तोंड वर. सर आधी नाराज झाले, मग त्यांनाच ते जास्त आवडलं. डोक्याच्या जागी रिकामी, उघडी घागर. शिवाय वरून वाफ निघून जाते, नाहीतर मार्चच्या उन्हात पोरगं चक्कर येऊन पडलं असतं.

कापलेल्या कडेनं पहिल्याच दिवशी मानेला ओरखडा आला. सायकलची जुनी ट्यूब चिरून कडेला बसवली.

दुसरी अडचण चकाकीची. स्टीलमध्ये मी, कॅमेरा, समोरचा लाइट, सगळं दिसत होतं. रंग मारला तर खेळण्यासारखी दिसायला लागली. शेवटी सरांच्या आईनं सांगितलं, "चुलीवर ठेवा की दोन दिवस." आंघोळीच्या पाण्याच्या भांड्याला बसते तशी काजळी बसली, वरून हलका तेलाचा हात. चकाकी गेली. तिन्ही घागरी, कापणं, ट्यूब मिळून १,२५० रुपये.

२३ फेब्रुवारी

रक्त. साखरेचा पाक, खायचा लाल रंग, थोडी कोको पावडर. रंग छान आला. अर्ध्या तासात मुंग्या, मग माशा, आणि उन्हात पाक वाळून सदऱ्याला कडक पापडी. दुसऱ्यांदा पाकाऐवजी ग्लिसरीन आणि कॉर्नफ्लोअरची पातळ पेज घेतली. मुंग्या कमी झाल्या, वाळणं थांबलं. खर्च ४२० रुपये. कपडे तिघांचे तीन जोड ठेवा, आम्ही एकच ठेवला होता.

८ आणि ९ मार्च

शहराबाहेर ओळखीच्यांच्या प्लॉटवर एक कोरडी टाकी आहे, तिथं शूटिंग. पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवलं होतं. टँकर रोजचे २,५०० रुपये, पाण्यासकट.

रांगेत उभं राहायला बारा जण बोलावले. त्यातल्या चार बायका २०१६ मध्ये खरोखर रात्री-रात्री रांगेत होत्या. त्यांना काहीच सांगावं लागलं नाही. घागरी, कॅन, हंडे त्यांनी स्वतःच नंबरानं लावले आणि माणसं सावलीत जाऊन बसली. माझ्या डोक्यात माणसांची रांग होती. खरी रांग भांड्यांची असते. सरांच्या पानावरही माणसांचीच होती. तिथल्या तिथं बदललं.

म्हाताऱ्याचं काम तात्यांनी केलं. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त, आणि चाळीस वर्षं भारूड करतात. मानधन ३,००० ठरवलं. नको म्हणत होते, हातात ठेवलं.

मार खाण्याचा शॉट मी खालच्या कोनातून घेतला. घागरवाला आभाळाला टेकलेला, काठी वर, १२० फ्रेमनं स्लो मोशन, पाण्याचे थेंब हवेत. मॉनिटरवर बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही खुश होतो.

१० मार्च

रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी लांबून मोबाइलवर आमचं शूटिंग टिपलं आणि तेवढा तुकडा व्हॉट्सॅपवर फिरला: 'पाण्यावरून वृद्धास मारहाण'. त्यात कॅमेरा दिसत नाही, घागर नीट दिसत नाही, तात्या पडताना मात्र स्पष्ट दिसतात. तात्यांच्या मुलीला पुण्यात तो व्हिडिओ मिळाला आणि ती रडत फोन करत राहिली. अख्खा दिवस खुलासा करण्यात गेला. ज्या ज्या गटात आम्ही होतो तिथं सेटवरचे फोटो टाकले, ठाण्यात जाऊन परत सांगितलं. बाहेर मारामारीचा प्रसंग घेणार असाल तर रस्त्याच्या तोंडाशी एक माणूस आणि 'शूटिंग चालू आहे' असा मोठा फलक ठेवाच. दीडशे रुपयांचं काम होतं, मी केलं नाही, आणि त्याचा ताप एका मुलीला झाला.

१७ मार्च

तीन दिवस आवाज जुळवण्यात गेले. दुसऱ्या कोनासाठी मोबाइल लावला होता. मोबाइल फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही, कमीजास्त करतो. त्यामुळे सुरुवातीला जुळलेला आवाज पाच मिनिटांनी ओठांच्या मागं पडतो. भाची प्रत्येक तुकडा हातानं सरकवत बसली होती. उपाय सोपा निघाला: सगळ्या मोबाइल फाइली आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेमवर काढून घ्यायच्या, मग एडिटला घ्यायच्या. घागरीतला आवाज घुमतो, तो वापरण्याजोगा नव्हताच. हिरोचे चारही संवाद नंतर डब केले.

२३ मार्च

पहिला खेळ. एका क्लासचा हॉल रविवारी १,५०० रुपयांना मिळाला. प्रेक्षक अकरावीची सव्वीस पोरं-पोरी, कारण बारावीवाल्यांना नीटच्या तयारीतून डोकं वर काढायला वेळ नाही. बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, कुठून कुठून लातूरला शिकायला आलेली.

टँकरवाल्याला मार बसला तेव्हा शिट्ट्या. ते अपेक्षित होतं. तात्यांना मार बसला तेव्हा त्याहून मोठ्या शिट्ट्या. मागून कुणीतरी ओरडलं, "परत लावा की तेवढं!" शेवटी पडद्यावर सूचनेची ओळ अक्षरांत आली, तोवर अर्धे जण उठून चपला शोधत होते.

तात्या शेवटच्या बाकावर होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "माझ्या मारावर पोरं खुश झाली. म्हंजे मी काम चांगलं केलं का वाईट?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन जेवलोही नाही.

२५ मार्च

परत गच्ची. या वेळी भांडण कडाक्याचं झालं.

भाचीनं पोरांची बाजू घेतली. तिचं म्हणणं, डेडपूलसारखे चित्रपट पाहून वाढलेल्या पिढीला रक्त आणि विनोद एकत्र कळतो, पोरं मूर्ख नाहीत. सरांनी खाली उभ्या असलेल्या एका बाइकवरचं कवटीचं स्टिकर दाखवलं. लातुरात अशा पन्नास गाड्या दिसतील. ती पनिशरची कवटी. गुन्हेगारांना स्वतःच मारणारा कॉमिकमधला माणूस, १९७४ चा. अमेरिकेत पोलीस आणि सैनिक ती मिरवायला लागले तेव्हा पनिशरच्या निर्मात्यांपैकी गेरी कॉन्वे यांनी उघड नाराजी सांगितली, की हा माणूस व्यवस्था कोलमडल्याची खूण आहे, आदर्श नाही. सर म्हणाले, "लिहिणारा सांगत राहतो आणि स्टिकर विकलं जात राहतं."

कॉमिकवरूनच केलेल्या 'किक-ॲस' या मारधाडीच्या चित्रपटाच्या दुसऱ्या भागाचाही विषय निघाला. त्यात काम केलेल्या जिम कॅरीनं जून २०१३ मध्ये, चित्रपट यायच्या आधी, जाहीर केलं की आदल्या डिसेंबरमधल्या सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर एवढ्या हिंसेला आपण पाठिंबा देऊ शकत नाही. भाचीला तो ढोंगीपणा वाटतो, पैसे घेतल्यावर सुचलेला. मला तसं वाटत नाही. काम करताना जे दिसत नाही ते नंतर दिसतं, हे मी परवाच अनुभवलं.

रात्री एकटा बसून कट पाहिला आणि चूक सापडली. ती माझ्या धंद्यातली आहे. खालचा कोन, स्लो मोशन, हवेत थेंब, खाली ढोल. मी नवरदेवाची एंट्री घेतो तशीच घागरवाल्याची घेतलीय. सतरा वर्षं माझा हात एकाच कामात तयार झालाय: समोरच्या माणसाला मोठं करून दाखवणं. म्हाताऱ्याला मारणाऱ्यालाही मी मोठं केलं. मग पोरांनी शिट्ट्या मारल्या त्यात त्यांचा काय दोष?

६ एप्रिल

मध्ये चार लग्नं होती. दुसरा कट केला आणि दुसऱ्या टोकाला गेलो. मार जवळजवळ काढूनच टाकला, काठी वर गेली की अंधार. सरांच्या गच्चीवर चादर लावून पंधरा जणांना दाखवला, खर्च शून्य. कुणी शिट्टी मारली नाही. पण शेजारच्या काकू म्हणाल्या, "छान झालंय, असा शिस्त लावणारा माणूस पाहिजेच." मार दिसलाच नाही, मग त्याची किंमत कशी कळणार? पहिल्या कटमध्ये लोकांना मार आवडला, दुसऱ्यात मारणारा आवडला. दुसरं मला जास्त भीतिदायक वाटलं.

त्या रात्री सरांनी वॅग्नरचंच दुसरं कॉमिक सांगितलं, 'अ हिस्टरी ऑफ व्हायलन्स', ज्यावर क्रोननबर्ग यांनी २००५ मध्ये चित्रपट केला. ड्रेड लिहिणाऱ्याचंच ते, हे मला माहीत नव्हतं. त्यात मारामारी काही सेकंदांची असते. पण हॉटेलातल्या गोळीबारानंतर कॅमेरा गोळी लागलेल्याच्या फाटलेल्या चेहऱ्यावर जातो, आणि आधी खुश झालेल्याला तो चेहरा बघावा लागतो.

तात्या भारूडातून बोलले. "नाथांचं विंचू चावला घ्या. ज्याला चावला तो बोंबलतो, लोक हसत्यात. पण काम-क्रोधाचा विंचू हाय, हे त्याच दमात सांगितलेलं असतंय. सोंग संपल्यावर सांगून काय उपेग?" पैठणच्या एकनाथांनी चारशे वर्षांपूर्वी सोडवलेली अडचण घेऊन आम्ही दोन महिने बसलो होतो. कागदावर चित्र आणि त्याखालची सूचना डोळा एकदमच वाचतो. आम्ही सूचना फिल्मच्या शेवटी नेऊन टाकली होती.

१३ एप्रिल

एक दिवस परत शूटिंग. टँकर आणखी २,५००. एकच प्रसंग. कॅमेरा तात्यांच्या उंचीवर, बादलीच्या शेजारी. घागरवाल्याचे फक्त पाय आणि काठी. स्लो मोशन बंद. तात्या पडल्यावर बादली लवंडते, पाणी मातीत जातं. तेव्हा रांगेतल्या एका बाईंनी न सांगता एक गोष्ट केली. तात्यांची रिकामी बादली पायानं बाजूला सरकवली आणि आपली घागर एक जागा पुढं ठेवली. मागच्या सगळ्यांनी आपापली भांडी एकेक जागा पुढं घेतली. मी कट म्हणालोच नाही. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "तवा असंच करत होतो की. नंबर जातोय म्हनल्यावर कोन बघतंय?"

सरांच्या आठ पानांत हे नाही. सरांनी तिथंच सांगितलं, पुढच्या प्रतीत काढतो.

२० एप्रिल

तिसरा कट. सरांचं पाचवं पान नऊ सारख्या चौकटींचं आहे. ही मांडणी त्यांनी मूर आणि गिबन्सच्या 'वॉचमेन'वरून घेतलेली, १९८६-८७ चं कॉमिक. त्याच्या २००९ च्या चित्रपटात जागोजाग स्लो मोशन आहे आणि त्यावरून चाहते आजही भांडतात. आम्ही पानाचंच माप धरलं: नऊ शॉट, प्रत्येक दोन सेकंदांचा, कुठलाही लांबवायचा नाही. अठरा सेकंद. भाचीनं आधी नाक मुरडलं, तिसऱ्यांदा बघितल्यावर म्हणाली, "मामा, हे बघवत नाही." तोवर तिला तो प्रसंग नुसता एडिटचा तुकडा होता.

ढोल काढला. सूचना भोंग्यावर दिली, बसस्थानकावर गाडीची घोषणा होते त्या सुरात. प्रत्येक फटक्याच्या वेळी ती चालूच असते: 'कृपया रांगेत उभे राहावे.' शेवटच्या शॉटवर भांडी पुढं सरकतात आणि मग 'सहकार्याबद्दल आभार'.

२७ एप्रिल

तिसरा खेळ, तोच हॉल, अकरावीचीच पण दुसरी पोरं, एकतीस जण. टँकरवाल्याच्या वेळी शिट्ट्या. भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा खरं हसू. तात्यांच्या वेळी दुसऱ्या शॉटपर्यंत हसू होतं, चौथ्याला हॉल शांत झाला. भांडी सरकली तेव्हा एक मुलगी "अगं आई" म्हणाली. तात्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

तरी मागच्या दोघांनी शेवटपर्यंत शिट्ट्या वाजवल्या. एकानं नंतर घागर घालून फोटो मागितला. मी फोटो दिला नाही, बसायला सांगितलं.

हिशेब इथंच लिहितो. टँकर तीन दिवस ७,५००, लाइट दोन दिवस २,४००, माइकचं भाडं १,२००, जेवण ४,५००, घागरी १,२५०, रक्त ४२०, हॉल दोनदा ३,०००, तात्या ३,०००. एकूण २३,२७०. अंदाजापेक्षा ८,२७० जास्त, आणि त्यातला मोठा वाटा परतच्या शूटिंगचा.

त्या दोघांपैकी एक जण परळीकडच्या खेड्यातला. तासभर बोललो, त्याची मेस बंद व्हायची वेळ झाली तरी तो उठेना. तो म्हणाला, "सर, आमच्या गावात टँकर सरपंचाच्या गल्लीत रिकामा व्हायचा. माझी आई दोन किलोमीटर जायची. असा एक घागरवाला पाहिजे होता आमाला." मी विचारलं, आणि त्यानं तुझ्या आईला मारलं असतं तर? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आई रांग मोडत नव्हती."

भाची म्हणते फिल्म झाली, आता पाठवून द्या. मी फाइल अजून बंद केलेली नाही. तो पोरगा रविवारी गावी जातोय, टाकी दाखवतो म्हणाला, आईशी बोलणंही करून देतो म्हणाला. त्या दिवशी मुहूर्त नाही. रेकॉर्डर चार्जिंगला लावलाय.